कॅमेरा धडधाकट, पण संगणकाशी अबोला

दुर्बिणीला किंवा सूक्ष्मदर्शकाला जोडला जाणारा वैज्ञानिक कॅमेरा आणि आपला नेहमीचा डिजिटल कॅमेरा यांत मोठे अंतर आहे. शून्याखालील तापमानाला थंड ठेवलेला त्याचा सेन्सर अतिशय मंद प्रकाशाचीही नोंद घेतो. लाखो रुपये मोजून घेतलेले हे उपकरण नीट जपले तर दहा-पंधरा वर्षे सहज काम देते. त्याला जोडलेला संगणक मात्र त्याआधीच बदलावा लागतो. नव्या संगणकावर लिनक्सची नवी आवृत्ती येते आणि कॅमेऱ्यात कोणताही बिघाड नसताना काम ठप्प होते. कारण एकच, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर कंपाइल होत नाही!

ड्रायव्हर हा उपकरण आणि संगणक यांच्यातील दुभाषा होय. लिनक्सच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. पीसीआय कार्डाद्वारे जोडलेल्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर या कर्नलच्या आत राहून काम करतो. त्यामुळे संगणकावर ज्या आवृत्तीचे कर्नल असेल, तिच्याशी जुळवून तो कंपाइल करावा लागतो.

येथे लिनक्सचे एक धोरण समजून घेतले पाहिजे. कर्नलबाहेर चालणारे जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीवरही चालले पाहिजेत, याबाबत लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स अत्यंत आग्रही आहेत. कर्नलच्या अंतर्गत रचनेबाबत मात्र असे कोणतेही आश्वासन दिले जात नाही. अंतर्गत फंक्शन बदलणारा प्रोग्रामर अधिकृत कर्नलमध्ये समाविष्ट असलेले सर्व ड्रायव्हर त्यानुसार दुरुस्त करतो. उत्पादकाने स्वतंत्रपणे दिलेला ड्रायव्हर या व्यवस्थेच्या बाहेर असल्याने मागे पडतो. साधारणपणे दर नऊ-दहा आठवड्यांनी नवे कर्नल येते, हे लक्षात घेता दोन-चार वर्षांत साचणाऱ्या बदलांची कल्पना येईल.

‘गेट_यूजर_पेजेस’ या फंक्शनचेच उदाहरण घ्या. कॅमेऱ्याचे कार्ड प्रतिमा थेट ज्या मेमरीत उतरवते, ती मेमरी जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीत त्याचे दोन पॅरामीटर गळाले. त्याच वर्षी ४.९ मध्ये आणखी दोहोंच्या जागी एकच आला. २०२३ मध्ये ६.५ मध्ये अजून एक गेला. ‘आयओरीमॅप_नोकॅश’ २०२० मध्ये ५.६ मधून हद्दपार झाले. पीसीआय कार्डांसाठीची जुनी डीएमए फंक्शन्स २०२२ मध्ये ५.१८ मधून काढण्यात आली.

ड्रायव्हरचा सोर्स कोड हाती असेल, तर दुरुस्ती शक्य असते. कंपाइलरने दाखवलेल्या पहिल्या चुकीपासून सुरुवात करावी, ते फंक्शन कोणत्या आवृत्तीत व का बदलले हे कर्नलच्या नोंदींत पाहावे आणि कोडमध्ये आवृत्तीची अट घालावी. जुन्या कर्नलसाठी जुनी ओळ, नव्यासाठी नवी. ‘डीकेएमएस’ ही प्रणाली प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप कंपाइल करते. पण कोडमधील विसंगती दूर करणे तिच्या आवाक्यात नाही.

खरा धोका पुढेच आहे. कंपाइलरची तक्रार थांबली म्हणजे ड्रायव्हर बरोबर झाला, असे नव्हे. वरील फंक्शनच्या नव्या रूपात ‘या मेमरीत लिहायचे आहे’ असे सांगणारा फ्लॅग द्यावा लागतो. त्या जागी नुसते शून्य दिले तरी ड्रायव्हर विनातक्रार कंपाइल होतो. परंतु कॅमेऱ्याची माहिती भलत्याच मेमरीवर लिहिली जाऊन निरीक्षणे, प्रसंगी संपूर्ण संगणकच बिघडू शकतो. म्हणून शटर बंद ठेवून घेतलेल्या प्रतिमांची सरासरी व नॉइज पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहावेत. सलग हजारो प्रतिमा घेऊन एखादी गहाळ होते का, हेही तपासावे.

जुनेच कर्नल वापरत राहणे सोपे वाटते, पण त्याची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागते. २०१६ मध्ये उघड झालेली ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी सुमारे नऊ वर्षे कर्नलमध्ये दडून होती आणि तिच्या आधारे साध्या वापरकर्त्याला संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येत असे. जुने कर्नल ठेवणे अपरिहार्यच असेल, तर तो संगणक नेटवर्कपासून अलग ठेवणे शहाणपणाचे.

यावरील उपाय बऱ्याच अंशी खरेदीच्या वेळीच हाती असतो. यूएसबी किंवा इथरनेटने जोडल्या जाणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांना कर्नलमध्ये स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही, त्यामुळे त्यांना हा त्रास कमी होतो. पीसीआय कार्डच हवे असेल, तर ड्रायव्हरचा सोर्स कोड मिळेल काय, हा प्रश्न किमतीइतक्याच गांभीर्याने विचारला पाहिजे. तो कोड नसेल आणि उत्पादकाने पाठिंबा थांबवला, तर उत्तम स्थितीतील कॅमेराही जुन्या संगणकाच्या आयुष्याशी बांधला जातो.