वरातीआधीची तालीम

दिवाळी झाली, धान कापून झालं, गावोगावच्या मंडया आटोपत आल्या की आमच्या शहापुरात संध्याकाळी एक आवाज सुरू होतो. भोंऽऽऽ असा एकच सूर, लांबच लांब. मग थोडा वेळ शांत. पुन्हा तोच सूर. गावात नवी सून आली असेल तर दचकते. जुन्या बायका मात्र स्वयंपाक करता करता म्हणतात, "चला, बँडवाल्यांची तालीम लागली. आता तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतील."

शहापूर म्हणजे भंडाऱ्याच्या अलीकडचं, नागपूर रस्त्यावरचं गाव. दिवसभर महामार्गावरून ट्रक धावत असतात. त्या आवाजातही हा सूर ओळखू येतो. इतकी वर्षं मी तो घरातूनच ऐकला. यंदा ठरवलं, जाऊन बघायचंच. वरातीत आपण बँड ऐकतो म्हणजे काय, तर त्याच्या पुढे नाचतो. ही माणसं आधी काय करतात ते कुठे ठाऊक असतं आपल्याला?

मास्तरांच्या घरामागे टिनाचं छप्पर आहे. तिथे पाच पितळी वाद्यं: दोन ट्रंपेट, दोन युफोनियम आणि एक मोठा बास, जो गळ्यात अडकवला की माणूस निम्मा दिसेनासा होतो. परदेशात पाच पितळी वाद्यांच्या अशाच मेळाला ब्रास क्विंटेट म्हणतात. त्यात दोन ट्रंपेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा असतो. लोक तिकीट काढून, खुर्चीवर गप्प बसून ते ऐकतात. आमच्या पाचांपैकी एक बांधकामावर मिस्त्री, एकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, बाकीचे धानाच्या बांधीत राबणारे. रोवणीच्या दिवसांत वाद्यं पेटीत पडून असतात आणि धान घरात आल्यावरच बाहेर निघतात.

"ढोलवाले कुठे आहेत?" मी विचारलं.

मास्तर हसले. "पहिले आठ दिवस त्यांले बोलवतच नाही ताई. ढोल असला की आमची चूक झाकून जाते."

आधी वाद्य गरम करावं लागतं, हे मला नवीनच होतं. थंडीत पितळ गार पडतं आणि सूर उतरतो. म्हणून दहा मिनिटं नुसते लांब सूर. श्वास पोटातून घ्यायचा, गाल फुगवायचे नाहीत. मग हार्मोनियमची काळी पाच दाबून सगळ्यांनी तिच्याशी सूर जुळवायचा. ट्रंपेटला कळा तीनच. पण एकही कळ न दाबता, नुसते ओठ आवळत गेलं की सा, मग प, मग वरचा सा, मग वरचा ग असे सूर निघतात. म्हणजे खरं वाद्य ओठच, पितळ फक्त आवाज मोठा करतं. तासभर वाजवलं की ओठ थकतो, बधिर होतो आणि उंच सूर फाटतो. म्हणूनच ट्रंपेट दोन लागतात. एकानं कडवं घ्यायचं, तोवर दुसऱ्यानं ओठाला विसावा द्यायचा.

गाणी कागदावर नाहीत. मोबाइलवर एक ओळ ऐकायची, मास्तर ती सरगममध्ये म्हणून दाखवणार, मग एकेकानं वाजवायची. एका नव्या गाण्यावर त्या दिवशी पाऊण तास गेला. शेवटची ओळ बासवाल्याच्या मागे राहत होती. मास्तर रागावले नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणायचे. मोजले नाहीत, पण वीसेक वेळा तरी म्हणाले असतील.

आपलं भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. पण ही वाद्यं आली उत्तरेतून. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. इंग्रज पलटणींचे बँड पाहून आपल्याकडे हे वाद्य लग्नात शिरलं आणि आपलंच झालं. पुण्याचे प्रभात बँड, दरबार बँड तर गणपतीच्या मिरवणुकीत मानानं वाजतात. आमच्याकडे लग्न हिंदूंचं असो की बौद्धांचं, दारात बँड वाजला की घरात मंगल कार्य आहे हे आजूबाजूच्या चार गावांना कळायचं.

कळायचं, असं म्हणावं लागतं. आता डीजे आला. त्याला ना ओठ दुखतात, ना श्वास लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हा २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांतला नियम सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे विसरतात. त्यात कोरोना आला. २०२० मध्ये मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि त्या वर्षीची अक्षय्य तृतीया कोरडी गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीसच माणसं आणि दोनच तास, असा सरकारी आदेश निघाला. पंचवीस माणसांत बँडवाले कुठे बसवणार? मास्तरांच्या पथकातले दोघे तेव्हा कंपनीत कामाला लागले, ते परत आलेच नाहीत.

त्यातल्या एकाची जागा कोणी घेतली माहीत आहे? मास्तरांच्या नातीनं. अकरावीत आहे. दुसऱ्या ट्रंपेटवर ती बसलेली पाहून मी चकितच झाले. लहानपणापासून आजोबांच्या मागे बसून सगळ्या चाली पाठ. श्वास असा की मिस्त्रीकाका तिच्याकडे बघत राहतात. तालमीत ती वाजवते. प्रश्न आहे वरातीचा.

मैत्रिणींनो, इथे मी आजीकडे वळले. कारण तालीम छपराखाली असली तरी बँड चालतो तो घरात. कोटाच्या जरीच्या पट्ट्या आजी शिवतात. वाद्यांना चकाकी आणतात त्याच. थंडीत ओठ फुटू नयेत म्हणून रात्री प्रत्येकाला तुपाचं बोट लावायला सांगतात. नातीच्या वाजवण्याला त्यांचा विरोध असेल असं मला वाटलं होतं.

"वाजवायले माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण वरातीत का होते ते तुमाले माहीत नाही का? पिऊन नाचतात. नोट दातात धरून अंगावर येतात. यायचा अर्धा दात पाहा."

मास्तरांनी ओठ वर करून दाखवला. वाजवताना नाचणाऱ्याचा धक्का लागला आणि पितळेचं तोंड दातावर आदळलं. घरचे लोक म्हणाले, लग्नात चालायचंच.

"लोक म्हणतात, पोरीले समजवा. मी म्हणतो, पोरीले कायले? नाचणाऱ्यांले समजवा."

मी गप्प बसले. याला उत्तर काय देणार?

पाटण्याजवळच्या ढिबरा गावात बायकांचा एक बँड आहे, नारी गुंजन सरगम महिला बँड. शेतात मजुरी करणाऱ्या दलित बायका. सुधा वर्गीस या समाजसेविकेच्या पाठबळावर त्या ड्रम वाजवायला शिकल्या आणि वरातीत वाजवू लागल्या. आधी लोक हसले, मग बोलावू लागले. आजींना मी ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्यासंगं त्यांच्या घरचं कोणी राहते का?" त्या दहाबारा जणी एकमेकींसोबत असतात, म्हटलं. "हं," त्या म्हणाल्या. "आमची एकटीच आहे."

आता असं ठरलंय. यंदा नात फक्त दिवसाच्या लग्नांत वाजवणार. बयाणा घेतानाच मास्तर दोन अटी सांगणार: बँड आणि नाचणारे यांच्यात घरच्या दोन माणसांनी चालायचं आणि बँडवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी नाही, पंगतीत बसवून जेवू घालायचं. आजी बँडसोबत पायी चालणार. एका यजमानांनी अटी ऐकून बयाणा परत मागितला. दुसऱ्या घरी नवरीची आई म्हणाली, दोन माणसं कशाला, मीच चालते.

बयाणा देताना सहसा पुरुष बोलतात हे खरं. पण लग्नघरात कोणाला कधी जेवायला बसवायचं आणि कोणाला आवरायचं, हे कोण बघतं? आपणच ना? मग या दोन अटी आपल्या घरच्या लग्नात कोणी न मागताही पाळता येतील. बँडवाले दारात आले की आधी पाणी विचारावं. ओठ सुकलेला असेल तर सूर निघत नाही, हे आता तुम्हालाही ठाऊक झालं.

मी निघाले तेव्हा तालीम संपली होती. आजी कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली बसून कंपनीत गेलेल्या त्या वादकाचा लाल कोट उसवत होत्या. खांदे दोन बोटं आत घ्यायचे होते, बाह्या आखूड करायच्या होत्या.