विश्लेषण : उन्हाळ्यात मासा रात्रीच गळाला का लागतो?

गडहिंग्लज परिसरात मे महिना म्हणजे उसाला पाणी पाजण्याच्या रात्री. शेतीपंपांना रात्रपाळीची वीज आली की हिरण्यकेशीच्या काठावर बॅटऱ्या लुकलुकू लागतात. मोटार चालू झाली, पाणी सरीला लागले, की मधल्या वेळात कुणीतरी गळ टाकून बसतो. दिवसभर बसूनही न लागणारा मासा रात्री दहानंतर तासाभरात लागतो, हा अनुभव जुना आहे. यात नशिबाचा भाग थोडा. पाण्याचे तापमान, प्राणवायू आणि माशाची भूक यांचे ते गणित आहे. मात्र याच गणितामुळे पावसाळ्यापूर्वीच्या दोन महिन्यांत नदीतला मासा सर्वांत सहज मारला जातो.

उन्हाळ्यात नदीत काय उरते?

आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात जाते आणि घटप्रभेला मिळते. उन्हाळ्यात तिची मदार आजरा तालुक्यातील चित्री प्रकल्पातून सुटणाऱ्या आवर्तनांवर असते. हे पाणी निलजी, ऐनापूर यांसारख्या कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडते. पावसाळा सरल्यावर या बंधाऱ्यांच्या खांबांमध्ये बरगे घालतात आणि पुढच्या पावसाआधी ते काढतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये नदी वाहत नाही. ती एकापाठोपाठ एक डोहांची माळ होते. दोन आवर्तनांच्या मध्ये उपसा सुरूच राहतो आणि डोह आटत जातो. पाणी कमी होते, मासे तेवढेच राहतात.

दिवसा मासा कुठे जातो?

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात. उलट माशाचे शरीर गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागते. म्हणून दुपारी मासा उथळ काठ सोडतो. खोल कपारीत, झाडाच्या सावलीत, बंधाऱ्याच्या खांबांच्या आडोशाला तो जवळजवळ निश्चल राहतो. समोरून गांडूळ गेले तरी हालत नाही.

सूर्य मावळला की वरचा थर निवू लागतो. पाण्यातले सूक्ष्म प्राणी, ज्यांना प्राणिप्लवंग म्हणतात, अंधार पडल्यावर खालून वर येतात. जगभरच्या समुद्रांत आणि तळ्यांत हा खेळ रोज रात्री चालतो. त्यांच्या मागे बारके मासे आणि त्यांच्या मागे मोठे. वाम तर मुळातच निशाचर. दिवसा दगडांच्या फटीत दडते आणि रात्री बाहेर पडते. मांगूर, शिंगाळा हे मिशांवर आणि वासावर शिकार करणारे, त्यांना अंधाराची अडचण नसतेच.

पण रात्रभर हीच स्थिती राहत नाही. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री त्याच तो वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी, सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ती भूक नसते, धाप असते. त्यात मळी किंवा सांडपाणी मिसळले तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच अनेकदा दिसला, तो असाच. अशा वेळी मरळ मात्र तग धरते, कारण तिला हवेतून थेट श्वास घेता येतो.

दिवा लावावा की विझवावा?

दिव्याच्या उजेडात किडे येतात, प्लवंग गोळा होतात, त्यावर बारका मासा जमतो. मोठा मासा सहसा उजेडाच्या मध्यात येत नाही. तो उजेड-अंधाराच्या सीमेवर थांबतो. अनुभवी माणूस गळ तिथेच टाकतो. अमेरिकेत ‘क्रॅपी’ नावाचा तळ्यांतला मासा उन्हाळ्यात पुलांखाली आणि धक्क्यांवर याच युक्तीने धरतात. तिथे हिरव्या दिव्यांना मोठी मागणी असते, कारण हिरवा प्रकाश पाण्यात लाल प्रकाशापेक्षा बराच खोल जातो. ही युक्ती अमावास्येच्या आसपास चालते. पौर्णिमेला सगळे पाणीच उजळलेले असल्याने दिव्याचे महत्त्व उरत नाही.

हिरण्यकेशीच्या डोहात मात्र दिव्याचा फार उपयोग नाही. वाम, मांगूर यांना उजेड नकोच असतो. त्यांच्यासाठी तळाला गांडूळ आणि विझवलेली बॅटरी पुरे.

दिव्याची ताकद किती, हे कोकणाने पाहिले आहे. प्रखर एलईडी दिव्यांनी लहान-मोठे सगळे मासे एकदम खेचले जातात म्हणून केंद्र सरकारने २०१७ मध्ये समुद्रात अशा मासेमारीवर बंदी आणली आणि राज्याने २०२१ मध्ये सागरी मासेमारी कायदा कडक केला. तरी चोरटी एलईडी मासेमारी आणि पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

मग नुकसान कुठे होते?

मे महिन्यात डोहात अडकलेले मासे हेच जूनमधले ‘चढणीचे मासे’. मृगाचा पहिला पूर आला की ते ओढ्या-ओहोळांतून वर चढतात आणि तिथे अंडी घालतात. माशांच्या अनेक जातींच्या माद्यांच्या पोटात उन्हाळ्याच्या शेवटी अंडी भरत आलेली असतात. रोहूसारख्या माशाच्या किलोभर वजनाच्या एका मादीत ती लाखाच्या वर असतात. गळाने चार मासे धरणाऱ्याने नदी रिकामी होत नाही. ती रिकामी होते बारीक घेरच्या जाळ्यांनी, ब्लीचिंग पावडरीने आणि वायर टाकून दिलेल्या करंटने. आटलेल्या डोहात हे एका रात्रीत होते. अंधारात कोण बघतो, हा हिशेब त्यामागे असतो.

करंटने लहान पिल्लेही मरतात आणि ओल्या काठावर उभ्या माणसाचाही जीव जातो. विष आणि सुरुंगावर बंदी आजची नाही. ब्रिटिशांच्या १८९७ च्या मत्स्य कायद्यात त्यासाठी दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड होता. पुढे महाराष्ट्राने १९६० चा स्वतःचा कायदा केला. धरणांच्या जलाशयांत तर मासेमारीचा हक्क सहसा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेचा असतो. तिथे गळ टाकण्याआधी संस्थेला विचारलेले बरे.

या नदीची श्रीमंती लहान नाही. आंबोलीतील उगमाच्या कुंडात २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी जात नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये राज्याने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. संरक्षण मिळाले ते उगमाला. खालच्या बंधाऱ्यांमधल्या डोहांना तसे काही नाही.

रात्री जाणाऱ्यांनी काय पाहावे?

चित्रीचे आवर्तन कधी सुटणार, हे आधी विचारून घ्यावे. पाणी रात्रीतून चढते आणि संध्याकाळी कोरडा असलेला खडक पाण्याखाली जातो. बंधाऱ्याच्या बरग्यांवर उभे राहू नये, शेवाळाने ते निसरडे असतात. मोटारीच्या वायरी जिथे पाण्यात उतरतात, त्या बाजूला गळ टाकू नये. काठच्या गवतात घोणस असते, म्हणून पायात बूट हवेत आणि चालताना बॅटरी पायाशी. पोट फुगलेली मादी गळाला लागली तर हात ओले करून गळ काढावा आणि तिला तिथेच पाण्यात सोडावे. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे दगावू शकतो.