शुक्रवारची गाडी : पुण्याहून नगरकडे जाताना तिकीट का मिळत नाही?

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' गाळलेत, बाकी जवळजवळ तसंच.

आधी माझी बाजू सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर श्रीरामपूर तालुक्यात. घरून काम होतं तोवर काही प्रश्न नव्हता. मग पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला, आणि साधारण त्याच सुमारास ऑफिसने सोमवार ते शुक्रवार हजेरी सुरू केली. आता शनिवार-रविवार पप्पांचा व्यायाम, त्यांना उठवणं-बसवणं, मोटर आणि लाइटचं वेळापत्रक हे माझ्याकडे. आईला त्या दोन दिवसांत झोप मिळते. त्यामुळे 'या आठवड्यात गाडी नाही मिळाली, पुढच्या वेळी बघू' हे आमच्याकडे चालत नाही. असे बरेच जण आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पुणे स्टेशनवर पाठीला लॅपटॉपची बॅग आणि हातात औषधांची पिशवी दिसली की ओळखायचं, आपल्याकडचा आहे.

प्रश्न असा, की दिवसभरात नगरवरून इतक्या गाड्या जातात, मग दीड-दोनशे किलोमीटरचं तिकीट एवढं अवघड का?

उत्तरासाठी १८७८ मध्ये जावं लागतं. दौंड-मनमाड लाइन त्या वर्षी सुरू झाली. मुंबईहून एक लाइन मनमाड-भुसावळकडे गेलेली, दुसरी पुणे-सोलापूर-रायचूरकडे. या दोन फाट्यांना मुंबईला न जाता जोडायचं, हे तिचं काम. नगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव वाटेत आले, एवढंच. नगरच्या माणसाला पुण्याला न्यावं हा हेतू नव्हताच. पुरावा हवा असेल तर दौंडला बघा. मनमाडकडची लाइन दौंड स्टेशनात पुण्याच्या बाजूने शिरते, म्हणजे गाडीचं तोंड सोलापूरकडे. कर्नाटक एक्सप्रेस सरळ निघून जाते. पुण्याला जाणाऱ्या गाडीला मात्र इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं, आणि आपण चहा पीत बसायचो. दौंड कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या बाहेरूनच वळतात. नव्या माणसाला एक सूचना : कॉर्ड लाइनचं स्टेशन वेगळं आहे, मुख्य दौंड जंक्शनपासून लांब. दौंडला बदलायची गाडी असेल तर तिकिटावर कुठलं दौंड लिहिलंय ते वाचा.

तर या लाइनवर धावणाऱ्या मोठ्या गाड्या बघा. झेलम पुणे-जम्मू तावी, आझाद हिंद पुणे-हावडा, गोवा एक्सप्रेस वास्को-निजामुद्दीन, महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूर-गोंदिया. एकीचंही वेळापत्रक आपल्या ऑफिसच्या वेळेवरून ठरलेलं नाही. झेलम माझं ऑफिस सुटायच्या आत पुणे सोडते. महाराष्ट्र रात्री उशिरा निघते आणि भल्या पहाटे उतरवते. मी बहुतेक वेळा तीच धरतो, कारण शनिवार तरी पूर्ण मिळतो.

आता तिकिटाकडे येऊ. हा भाग मला इंजिनियर म्हणून आवडतो आणि प्रवासी म्हणून अजिबात नाही.

समजा झेलमचा एक बर्थ आहे. तो पुणे-जम्मू विकला तर पूर्ण प्रवासाचे पैसे. मला पुणे-श्रीरामपूर विकला तर पुढचा सगळा रस्ता तो बर्थ दुसऱ्या कुणीतरी घेईल या भरवशावर. म्हणून रेल्वे आपल्यासारख्या मधल्या प्रवाशांसाठी वेगळा छोटा कोटा ठेवते. तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल दिसतं ना, ते हेच : पूल्ड कोट्याची वेटिंग लिस्ट. त्यात अनेक मधल्या स्टेशनांची माणसं एकाच छोट्या हंड्यातून पाणी भरतात. जीएनडब्ल्यूएल ४० असेल तर आशा धरायला जागा असते, पीक्यूडब्ल्यूएल १२ वर मी धरत नाही. लोक फक्त आकडा बघतात, पण आधी अक्षरं बघायची.

दुसरी गोष्ट भाड्याची, आणि ही फार कमी जणांना माहीत आहे. स्लीपरचं भाडं किमान २०० किलोमीटरचं लागतं, थर्ड एसीचं किमान ३००. पुणे-नगर रेल्वेने दीडशेच्या थोडं वर आहे. म्हणजे नगरला उतरणारा थर्ड एसीत जवळजवळ दुप्पट अंतराचे पैसे भरतो. आम्ही श्रीरामपूरवाले सव्वादोनशेच्या आसपास, त्यामुळे स्लीपरमध्ये फारसे लुटले जात नाही. तत्काळचं गणित तर आणखी कडक : स्लीपर आणि थर्ड एसी दोन्हीला किमान ५०० किलोमीटरचं भाडं, वर तत्काळचा चार्ज. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर परतावा नाही. म्हणून मी तत्काळ फक्त अडचणीत काढतो.

'पास का काढत नाहीस?' असं तिघांनी मेसेज करून विचारलं. मासिक पास साधारण १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो, आणि तो घेऊन रिझर्व्हेशनच्या डब्यात बसता येत नाही. दौंडहून पुण्याला रोज जाणाऱ्याचं त्यावर भागतं, आपलं नाही.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं. दलालांना त्रास झाला असेल तर चांगलंच आहे, पण दर आठवड्याला जाणाऱ्याला याचा फायदाच आहे. साठ दिवसांनंतरच्या शुक्रवारी आपण घरी जाणार हे आपल्याला नक्की माहीत असतं, इतरांना नसतं. मी दर सोमवारी सकाळी आठला येणाऱ्या नाही, साठ दिवस पुढच्या शुक्रवारचं तिकीट बघतो, आणि मंगळवार-बुधवारी परतीचं. यासाठी स्क्रिप्ट लिहिलीस का, असं मित्र विचारतात. नाही, मोबाइलवर अलार्म लावलाय.

परतीच्या रविवारचं दुखणं वेगळं. इकडून जाताना गाडी पुण्यातूनच किंवा जवळून सुटलेली असते, वेळेवर असते. येताना ती जम्मू किंवा हावड्याहून दीड-दोन दिवस चालून आलेली. दौंड-मनमाड बराच काळ एकेरी होती. एकेरी लाइनवर वेळ चुकलेली गाडी क्रॉसिंगसाठी थांबते, थांबली की आणखी मागे पडते. दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने होतंय, आणि जिथे झालंय तिथे फरक जाणवतो. तरी सोमवारी सकाळी दहाची मीटिंग असेल तर मी लांबून येणारी गाडी धरत नाही. सरळ एसटी.

एसटीबद्दल खरं बोलायला हवं. रस्त्याने नगर-पुणे १२० किलोमीटर, म्हणजे रेल्वेपेक्षा कमीच. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझ्या ऑफिसमधल्या नगरच्या मुली रेल्वेच्या भानगडीत पडत नाहीत. पण शुक्रवारी संध्याकाळी वाघोली आणि शिक्रापूर ओलांडायला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि बसमध्ये पाठ टेकून झोपता येत नाही. सुपा-शिरूर बाजूने पुण्याला थेट रेल्वे हवी ही मागणी म्हणूनच जुनी आहे. ती झाली तर दौंडचा वळसा जाईल.

शेवटी एक बारीक गोष्ट, नव्या लोकांसाठी. श्रीरामपूरचं स्टेशन ॲपवर 'बेलापूर' नावाने येतं. नवी मुंबईचं बेलापूर वेगळं. आणि नगरसाठी शोधताना आता 'अहिल्यानगर' टाका. स्टेशनचा कोड एएनजी, तो टाकला की नावाची भानगडच नाही.

पुढच्या भागात चार्ट लागल्यावर गाडीत रिकामे बर्थ कसे शोधायचे ते बघू. तुमची वेटिंग कन्फर्म झाली असेल तर कुठली गाडी, कुठला कोटा, कितवा नंबर, एवढं पाठवा. मी एक तक्ता करतोय.