पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन: ‘धर्मनिष्ठ’ पदवीचा मानकरी

संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव ठाऊक नाही असा कॅथलिक भाविक आपल्याकडे विरळाच. परंतु ज्या राजाच्या विनंतीवरून ते भारतात आले, त्या पोर्तुगालच्या तिसऱ्या जॉनविषयी (पोर्तुगीज नाव दों जुआंव) आपणांपैकी फार थोड्यांना माहिती असते. त्याने १५२१ पासून १५५७ पर्यंत राज्य केले. इतिहासाने त्याला ‘धर्मनिष्ठ’ ही पदवी बहाल केली. ही पदवी कितपत सार्थ आहे, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

जॉनचा जन्म १५०२ साली लिस्बन येथे झाला. पित्याकडून, म्हणजे राजा मॅन्युएलकडून, त्याला ब्राझीलपासून मलाक्कापर्यंत पसरलेले साम्राज्य मिळाले. पण ते राखणे पैशाच्या दृष्टीने अवघड होते. मसाल्याच्या मोलुक्का बेटांवरील हक्काचा वाद मिटविण्यासाठी १५२९ च्या सारागोसा तहान्वये त्याने सम्राट पाचव्या चार्ल्सला साडेतीन लाख डुकाट देण्याचे मान्य केले. नाते मेव्हण्याचे होते, तरी किंमत मोजावी लागलीच! पुढे मोरोक्कोतील काही किल्ले सोडून द्यावे लागले आणि १५४९ मध्ये अँटवर्प येथील राजाची व्यापारी वखारही बंद झाली.

आपला संबंध येतो तो १५३४ सालापासून. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने त्या वर्षी २३ डिसेंबर रोजी वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पोप तिसरे पॉल यांनी गोवा धर्मप्रांताच्या स्थापनेचा आदेश काढला तोही त्याच वर्षी. केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंतचा सारा प्रदेश या एका धर्मप्रांताखाली होता! ‘पाद्रुआदो’ व्यवस्थेनुसार बिशपपदासाठी नाव सुचविण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाकडे होता आणि त्याबदल्यात मंदिरांचा व धर्मगुरूंचा खर्च त्याने सोसायचा होता. म्हणजे ज्या तिजोरीतून आरमाराला पैसा जाई, त्याच तिजोरीतून धर्मकार्यालाही मिळे. धर्मकार्य राजसत्तेच्या इतके अधीन का झाले, हे यावरून ध्यानी येते.

पॅरिसमधील सेंट बार्ब महाविद्यालयाचे प्राचार्य दियोगो द गोव्हेया यांनी राजाला एका नव्या धर्मगुरूगटाविषयी कळविले. हाच गट पुढे येशूसंघ म्हणून ओळखला गेला. राजाने रोममधील आपले वकील पेद्रो मास्कारेन्यास यांच्यामार्फत मागणी केली. निवड झालेले बोबादिया ऐनवेळी आजारी पडले आणि संत इग्नेशियस यांनी त्यांच्या जागी फ्रान्सिस झेवियर यांना धाडले. ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बन सोडून ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. राजाची तळमळ खरी होती, याविषयी आम्हाला शंका नाही.

परंतु याच राजाने इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, मागणीही तितक्याच नेटाने लावून धरली होती. राजा मॅन्युएलच्या काळात, १४९७ साली, पोर्तुगालमधील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला होता. या ‘नवख्रिस्ती’ लोकांवर त्याला न्यायालय बसवायचे होते. रोम मात्र कचरत होते. पोप सातवे क्लेमेंट यांनी १५३१ साली परवानगी दिली, मग ती रोखली आणि १५३३ मध्ये नवख्रिस्ती लोकांना क्षमा जाहीर केली. राजाने आपला हट्ट सोडला नाही. अखेर २३ मे १५३६ रोजी पोप तिसरे पॉल यांनी संमती दिली. सक्तीने ख्रिस्ती केलेल्यांना, ते मनापासून ख्रिस्ती नाहीत म्हणून शिक्षा करणे, याला आम्ही धर्मनिष्ठा म्हणू शकत नाही. ‘तो काळच तसा होता’ असे म्हटले जाते. पण त्याच काळात रोममध्ये आक्षेप घेणारे होते, हे विसरता येत नाही.

संत झेवियर यांनीही १५४६ साली राजाला लिहून गोव्यासाठी असे न्यायालय मागितले होते. ही गोष्ट आपणांस अवघड वाटते, तरी ती सांगितलीच पाहिजे. तेच झेवियर १५४९ च्या जानेवारीत कोचीनहून राजाला निर्भीडपणे लिहितात, की श्रद्धेच्या प्रसारासाठी भारतात आपली सत्ता चालत नाही, येथील संपत्ती नेण्यासाठी मात्र ती पुरेशी आहे, असा आपला अनुभव आहे. राजाला असे लिहिणारा दरबारी आम्हाला तरी आढळला नाही.

राजाचे घरगुती आयुष्य फार दुःखाचे होते. राणी कॅथरीनपासून त्याला नऊ अपत्ये झाली, परंतु एकही त्याच्यामागे उरले नाही. शेवटचा पुत्र युवराज जॉन २ जानेवारी १५५४ रोजी वारला आणि त्यानंतर अठरा दिवसांनी नातू सेबास्टियन जन्मला. ११ जून १५५७ रोजी राजाने देह ठेवला, तेव्हा सेबास्टियन तीन वर्षांचा होता. राणी कॅथरीन त्याच्या वतीने कारभार पाहत असताना, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. ते कायमचे बंद होण्यास १८१२ साल उजाडले. सेबास्टियन १५७८ मध्ये मोरोक्कोतील लढाईत निपुत्रिक मारला गेला. त्यानंतर राजाचे बंधू कार्डिनल हेन्री, जे १५३९ पासून इन्क्विझिशनचे प्रमुख होते, गादीवर बसले. १५८० साली त्यांचेही निधन झाले आणि पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे, तिसऱ्या जॉनच्या एकेकाळच्या जावयाकडे, गेले.