सेवाश्वान आणि दारातला कर्मचारी
अमेरिकेत 1990 साली संमत झालेल्या अपंग नागरिकांविषयीच्या कायद्यानुसार, सेवाश्वान म्हणजेच अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम करण्याचे प्रशिक्षण मिळालेला कुत्रा सोबत असलेल्या व्यक्तीला उपाहारगृहात, दुकानात वा हॉटेलात ग्राहकांसाठी खुल्या असलेल्या भागांत जाण्याचा हक्क आहे. मात्र तो प्रत्यक्षात मिळतो की नाही, हे बहुतांशी दारातल्या कर्मचाऱ्याच्या तयारीवर अवलंबून असते.

कुत्र्याचे काम उघड दिसत नसेल, तर दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. आजाराची चौकशी, ओळखपत्राची मागणी वा प्रात्यक्षिकाचा आग्रह नियमबाह्य ठरतो. इतर गिऱ्हाइकांची भीती किंवा ॲलर्जी हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. रक्तातील साखर घसरल्याचे ओळखून मालकाच्या गुडघ्यावर पंजा ठेवणारा कुत्रा चारचौघांना साधा पाळीव कुत्राच वाटतो, म्हणून दिसण्यावरून निवाडा करण्याची सवय प्रशिक्षणात सर्वांत आधी मोडली पाहिजे. कुत्रा अनावर झाला आणि मालकाने त्याला आवरले नाही, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. तेव्हाही कुत्र्याविना सेवा घेण्याची संधी त्या व्यक्तीला द्यावीच लागते.