धुऱ्यावरची तूर आणि मुळांचे स्राव

श्रावणात गोंदियाहून आमगावकडे जाताना दोन्ही बाजूंस पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या दिसतात आणि त्यांच्या धुऱ्यांवर तुरीची रांग उभी असते. माती एकच, पाऊस एकच. पण खाली धान चिखलात आणि वर तूर निचऱ्याच्या जागी. एकाच मातीतून हे दोन शेजारी आपले अन्न कसे मिळवतात, हे पाहण्यासारखे आहे.

मूळ म्हणजे पाणी शोषणारी नळी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु मूळ जसे घेते तसे देतेही. पानांनी उन्हात कमावलेल्या अन्नाचा काही भाग शर्करा, अमिनो आम्ले व सेंद्रिय आम्ले यांच्या रूपाने ते मातीत सोडते. विशेष म्हणजे, वनस्पतीला ज्या द्रव्याची उणीव भासते, त्यानुसार हे स्राव बदलतात.

स्फुरदाचेच उदाहरण घेऊ. लाल-पिवळसर मातीत लोह विपुल असते आणि स्फुरद त्याला घट्ट बांधला जातो. कोठी धान्याने भरलेली, पण कुलपाची किल्ली हरवलेली, अशी पिकाची स्थिती होते. बांधीत पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो, सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने लोह विरघळू लागते आणि त्याला बांधलेला काही स्फुरद मोकळा होतो. धानाचे कुलूप असे पाणीच उघडते. धुऱ्यावर ही सोय नाही.

मग तूर काय करते? हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संशोधनसंस्थेत नोरिहारू आए व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला व 1990 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोहाशी बांधलेला स्फुरद इतर पिकांपेक्षा तुरीला अधिक घेता येतो, असे त्यांना आढळले. तुरीच्या मुळांतून पाझरणारे पिसिडिक आम्ल लोहाला स्वतःशी जखडते व स्फुरद सुटतो, असे त्यांनी दाखवले. पुढील अभ्यासांत इतर सेंद्रिय आम्लांचाही यात वाटा असल्याचे दिसून आले.

लोहाची उणीव पडली की गवतवर्गीय पिके निराळा उपाय योजतात. जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी 1976 साली दाखवून दिले की, अशा वेळी ओट व धान यांची मुळे लोह पकडून आणणारी द्रव्ये बाहेर सोडतात. सातूत हा स्राव मुबलक असतो, धानात बेताचा. भरल्या बांधीत विरघळलेले लोह आयतेच मिळत असल्याने धानाचे बहुधा त्यावाचून अडत नाही.

परंतु मुळांची ही हाक शत्रूच्याही कानी पडते. स्फुरद कमी पडला की धान, ज्वारी यांसारख्या पिकांची मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये अधिक सोडतात. मुळांशी सहजीवन करून स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीला त्यामुळे फाटे फुटतात, हे 2005 साली सिद्ध झाले. पण याच द्रव्यांच्या चाहुलीने ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे बीही रुजते. भुकेल्या जमिनीत टारफुला माजतो, त्याचे एक कारण हे आहे.

तेव्हा, मुळांना किल्ली सापडते म्हणून शेताला खत नको, असे कोणी समजू नये. मूळ कोठी उघडते, भरत नाही. धान्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर काही स्फुरद शेताबाहेर जातो. तो शेणखताने, कंपोस्टाने वा खताच्या पोत्याने परत करावाच लागतो. स्फुरद खतांचा कच्चा माल आपला देश बहुतांशी परदेशांतून आणतो. म्हणून टाकलेले खत मातीत अडकून न पडता पिकाच्या मुखी लागावे, याला मोल आहे. धुऱ्यावर तूर लावण्याची आपली जुनी रीत घरची डाळ तर देतेच. शिवाय मातीत अडकलेले धन वर काढणारे एक मूळही तिथे राबत असते.