पीयू बुश : कडक म्हणजे टिकाऊ?

नगर-मनमाड रस्त्यावर जुनी मारुती 800 रोज चालवली की खालून खडखड सुरू होणारच. कारण बहुधा बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर. मग ठरलेला सल्ला : ‘रबर टिकत नाही साहेब, पीयू (पॉलियुरेथेन) टाका. परत बघायला नको!’ गाड्यांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई ही संस्था ज्या नगर शहरात आहे, तिथेही हे वाक्य बिनधास्त खपतं.

आधी रबराचं बघू. लोअर आर्मचा (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश सहसा लोखंडी नळीला पक्का चिकटवलेला असतो. आर्म हलला की काही घासत नाही. रबरच पिळतं आणि मूळ जागी येतं. आता गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत आणि मेकॅनिकने बोल्ट आवळून टाकले, तर? गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत चिरतं. चूक फिटिंगची, बदनामी रबराची!

पीयू बुश बहुधा चिकटवलेला नसतो. तो नळीवर फिरतो, म्हणजे घासतो. त्याला सिलिकॉन ग्रीस किंवा कंपनीने दिलेलं ग्रीस लागतं. ते संपलं, धूळ शिरली, की कुरकुर सुरू. शिवाय एस्टर प्रकारचं पीयू दमट हवेत विघटित होतं. कपाटात ठेवलेल्या बुटाच्या सोलचा भुगा होतो तो बहुधा यामुळेच. ईथर प्रकार पाण्याला टिकतो. दुकानदाराला प्रकार विचारा.

पीयू वाईट नाही. जीपच्या पाट्यांचे शॅकल घ्या. तिथे हालचाल मुख्यतः एकाच दिशेची, तिथे ते शोभतं. मारुती 800 मध्ये मात्र स्टॅबिलायझर बारच लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो. त्याच्या टोकाचा बुश अनेक दिशांना वाकतो. तिथे फार कडक पीयू घातलं तर ते अडतं आणि खड्ड्याचा दणका थेट आर्म आणि बॉडीला बसतो.

बाकीचे गैरसमज :

‘पीयूने गाडी मऊ चालते.’ उलट. शोअर ए या कडकपणाच्या मापावर रबर साधारण 50 ते 70, पीयू 70 ते 95.

‘रंगावरून कडकपणा कळतो.’ फक्त एकाच कंपनीच्या मालात, तेही प्रत्येक कंपनीत नाही. पॉवरफ्लेक्सचा काळा बुश त्यांच्याच जांभळ्यापेक्षा कडक असतो. दुसऱ्या कंपनीचा काळा तसाच असेल असं नाही.

‘आवाज आला की जळकं ऑइल सोडा.’ खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि सडतं.

तेव्हा पीयूचे पैसे मोजण्याआधी मेकॅनिकला एवढंच सांगा : बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मगच शेवटचं आवळा. बहुतेक जुन्या गाड्यांना साधं रबर पुरतं.